भुकेच्या फॉर्ममधली खाडाखोड

माझ्या शिक्षणाचा कुणाला उपयोग झाला नाही, उपाशी राहण्याचा मात्र झाला. दहावी पासचं सर्टिफिकेट मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवलंय. ते आजवर कुणी मागितलं नाही. पण एका वर्षी आमच्या घाटंजीत एक संस्था आली, आणि तिला स्वतः उपाशी राहिलेल्या बायकाच हव्या होत्या.

अंगणवाडीत बैठक होती. संस्थेच्या मॅडम नागपूरहून आल्या होत्या. सुती साडी, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. त्या म्हणाल्या, "गरिबांपर्यंत धान्य कसं पोचवायचं, हे आजवर आम्ही ऑफिसात बसून ठरवत आलो. ते चुकलं. ज्यांनी भूक सोसली त्यांनीच आता आमच्यासोबत बसावं, प्रश्न काढावेत, साहेबांपुढे मांडावेत. इथे कुणाला तसा अनुभव आहे? हात वर करा."

अंगणवाडी बायकांनी गच्च भरली होती. एकही हात वर झाला नाही. कुणी पदर नीट केला, कुणी लेकराचं नाक पुसलं, एक बाई भिंतीवर रंगवलेला अननस पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी पाहू लागली. घाटंजीत कुणाचं एक जेवणसुद्धा कधी चुकलं नसावं असा सगळा देखावा. मीही पंख्याकडे पाहत होते. तेवढ्यात शेजारी बसलेल्या मावशीने माझं मनगट धरलं आणि माझा हात वर केला.

"हिले घ्या मॅडम," ती म्हणाली. "हे लय उपाशी राह्यली. अख्खा हिवाळा."

मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे. तिच्या दारात तुळस, माझ्या दारावर कुराणातली आयत लिहिलेली चौकट, आणि दोन्ही घरांच्या मधे एक कुडाची भिंत. ती लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाते, वयाने माझ्या आईएवढी आहे, आणि आवाज असा की कुडाची भिंत नसल्यातच जमा.

घरी येताना मी रस्ताभर तिच्याशी भांडले. "माही इज्जत काढली ना तुमी साऱ्याईसमोर!"

"अव, इज्जत कायची? कामाले लावून देल्लं तुले."

"आनं तुमाले कसं माहीत मी उपाशी होती ते? म्या त कोनालेच नाही सांगितलं."

मावशी रस्त्यातच थांबली आणि हसायला लागली.

तो हिवाळा असा होता. माझा नवरा मोटारसायकली दुरुस्त करतो. एका गाडीचा स्टँड निसटला आणि त्याचं उजवं मनगट खाली आलं. प्लास्टर निघालं तरी कितीतरी दिवस हातात पाना धरवेना. त्याच सुमारास रेशनकार्डातली आमची नावं कुठल्याशा दुरुस्तीत गळाली, आणि कंट्रोलचं, म्हणजे रेशन दुकानाचं, धान्य बंद झालं. माझ्याकडे शिलाई मशीन होती, पण कापूस वेचणीच्या दिवसांत ब्लाउज कोण शिवून घेतं? दोन मुलींची पोटं भरायची, नवऱ्याचं जमेल तेवढं, आणि माझं राहिलं तर.

पण गल्लीला हे कळता कामा नये, याची मी फार काळजी घेत होते. रोज संध्याकाळी चमचाभर तेल तापवायचं आणि त्यात लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून टाकायच्या. नुसता बघार. जिला द्यायचा ती भाजी घरात नसायचीच. पण वास भिंतीपलीकडे जायचा, आणि आमच्याकडे रोजचा स्वयंपाक चालू आहे हे सगळ्यांना कळायचं. मला ही युक्ती फार हुशारीची वाटत होती.

"चुर्र आवाज यायचा तुह्या बघाराचा," मावशी डोळे पुसत म्हणाली. "वासबी झकास. पर भाकर थापाचा आवाज काही यायचा नाही. म्या मनलं, हे बाई भाजी कायच्यासंग खाते?"

मग मला एक वेगळीच गोष्ट आठवली. त्याच हिवाळ्यात मावशी दिवसाआड वाटीभर भाजी घेऊन यायची. कधी अंबाडीची, कधी बेसन. "पोरी, मीठ पाहून दे वं. माह्या तोंडाले चवच नाही राह्यली." वाटीवर एक भाकर झाकलेली असायची, कारण तिच्या मते भाकरीबिगर मीठ समजत नाही. मी मोठ्या इमानदारीने सगळी वाटी संपवून निकाल द्यायचे: आज किंचित कमी, आज बरोबर, काल जास्त होतं. मला खरोखर वाटायचं की या बाईला एवढ्या वयातही मिठाचा अंदाज नाही.

"म्हंजे मावशी... मीठ?"

"मीठ बराबरच रायचं," मावशी एकदम रागावली. "मले काय सैपाक येत नाही?"

दुसऱ्या दिवशी मी सूड घेतला. मॅडमकडे जाऊन मावशीचंही नाव लिहून आले. ज्या बाईला भिंतीपलीकडून दुसऱ्याची भूक ऐकू येते तिने ती आधी स्वतःच्या घरात ऐकलेली असणार, एवढं मला कळत होतं. मावशी नाही म्हणाली नाही. फक्त "चाल, यवतमाळ त पाहू" एवढं म्हणाली आणि ठेवणीतलं लुगडं काढलं.

यवतमाळला एका हॉलमध्ये आमचं प्रशिक्षण झालं. शिकवणारे सर तरुण होते, पुण्याकडचे. त्यांच्याजवळ एक जाडजूड फॉर्म होता. घरोघरी जाऊन तो भरायचा, म्हणजे कुठे किती भूक आहे ते सरकारला दाखवता येईल. सरांनी पहिला प्रश्न मोठ्याने वाचला: "गेल्या तीस दिवसांत अन्नाच्या अनुपलब्धतेमुळे आपणांस अथवा कुटुंबातील सदस्यांस भोजन वगळावे लागले काय? कधीही नाही, क्वचित, कधीकधी, वारंवार."

मावशीने हात वर केला. आता तिला ती सवयच लागली होती. "सर, हे क्वचित कोन्या गावची?"

सर भले होते. हसले नाहीत. "क्वचित म्हणजे अगदी कमी वेळा, मावशी."

"मंग तसं लिवा ना. तिले कायले मधात आनता?"

सरांनी सराव म्हणून मावशीलाच प्रश्न विचारला. मावशी पदर सावरून ताठ बसली. "नाही बाप्पा. दोन्ही टाइम पोटभर."

"गेल्या महिन्यात एकदाही नाही?"

"एकदाबी नाही. उलट उरते."

सरांनी 'कधीही नाही' वर बरोबरची खूण केली. मला राहवलं नाही. "सर, हे खोटं बोलून राह्यली."

"का हो मावशी?" सर गोंधळले.

"तुमी कोन माहे?" मावशी म्हणाली. "तुमाले काहून सांगू? पाह्यल्याबरोबर बाईले इचारता, उपाशी राह्यली का. बाजूले सून उभी, दारात शेजारीन उभी. कोन सांगन?"

सरांनी पेन खाली ठेवलं. त्या माणसाबद्दल मला कायमचा आदर वाटतो तो यासाठी, की त्यांनी मग मनापासून विचारलं, "मग काय विचारायचं?"

हॉलमध्ये वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेल्या बायका होत्या. त्यांतली एक म्हणाली, "उपास इचारा." आणि जो हशा झाला तो थांबेचना.

कारण ते प्रत्येकीला माहीत होतं. घरात पीठ संपत आलं की माझी धार्मिकता वाढायची. रमजान अजून लांब आहे, पण मी आपली नफ्ल, म्हणजे ऐच्छिक, रोजे धरतेय. दिराकडे राहणारी सासू सगळ्यांना कौतुकाने सांगायची, आमची सून फार नेक. मावशीच्या घरी संकष्टी महिन्यातून चार वेळा यायची. एका बंजारा ताईने तर सगळ्यांवर कडी केली. तिने सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार संतोषीमातेचा आणि शनिवार मारुतीचा धरला होता. "बुधवारी कोन्ताच देव सापडला नाही," ती म्हणाली, "त त्या दिवशी पोट दुखते मनून सांगितलं."

सर लॅपटॉपवर भराभर लिहून घेत होते. संध्याकाळपर्यंत त्या फॉर्मची पार खाडाखोड झाली. पहिला प्रश्न आता असा होता: या महिन्यात घरात कुणाकुणाचे उपास झाले? त्यातले कॅलेंडरात किती सापडतात? दुसरा: काल सगळ्यात शेवटी कोण जेवलं, आणि तिच्या ताटात काय होतं? तिसरा: अचानक पाहुणा आला तर पहिल्यांदा कोणत्या डब्याचं झाकण उघडता? मावशीने चौथा सुचवला, की प्रश्न विचारायचेच नाहीत, नुसतं चुलीजवळ बसायचं. तो सरांना टाइप करता येईना.

आपल्या गावात आपल्याला कुणी खरं सांगणार नाही, म्हणून नवा फॉर्म तपासायला सरांनी आम्हा दोघींना दूर फुलसावंगीला नेलं. जीपने पुसदपर्यंत गेलो, तिथे चहा घेतला, आणि पुढे फुलसावंगीत सकाळपासून घरं फिरलो. बायका उपासांबद्दल विचारल्यावर आधी हसायच्या, मग दार थोडं जास्त उघडायच्या. फॉर्म चालत होता.

दुपारी एका गल्लीतून परत निघालो, तर शेवटच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली. स्लॅबचं पक्कं घर होतं, अंगणात बैलगाडीचं जुनं चाक टेकवून ठेवलेलं. शेतीवाल्यांचं घर म्हणून ते आमच्या यादीत नव्हतं. आम्ही पुढे गेलो. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. मावशी चालता चालता मोजत होती. नवव्या शिट्टीला ती थांबली.

"कोन्ती डाळ हे? नऊ शिट्ट्या?"

"जुनी तूर असन," मी म्हटलं.

"तूर असती त वास आला असता," मावशी म्हणाली आणि सरळ त्या घरात शिरली.

आत एक म्हातारे गृहस्थ एकटेच होते. पांढरा पायजमा, बंडी, मिशांना तेल. "या, या," ते म्हणाले. "जेवूनच जा मनलं असतं, पर आत्ताच झालं. पाहुने येऊन गेले. मटनाचा बेत होता."

"मटनाले नऊ शिट्ट्या, आबाजी?" मावशीने विचारलं.

"बोकड म्हातारा होता," आबाजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची मिशीसुद्धा हलली नाही.

मी फॉर्म काढला आणि उपासाचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं. मावशीने माझ्या पायावर पाय ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबला. मग फॉर्म माझ्या हातातून घेऊन तिने आबाजींपुढे धरला. "आबाजी, हा कागद साहेबाईनं बनवला. बराबर हाय का चूक, आमाले अडाण्याईले काय समजते? तुमी जाणकार दिसता. जरा तपासून द्या."

आबाजींनी चष्मा लावला. आधी त्यांनी शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि आमच्याकडे असं पाहिलं, जणू त्या आम्हीच केल्या होत्या. मग ओळीवरून बोट फिरवत वाचू लागले. उपासाच्या प्रश्नावर बोट बराच वेळ थांबलं.

"हे बायकाईनं बनवलं," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"यात मानसाचा प्रश्न नाही. मानूस उपास नाही धरत. मानूस पाहुना बनते. बराबर जेवाच्या टायमाले कोनाच्या घरी जाते. लग्नात जाते, तेरवीले जाते. मेला थो कोन होता, हेबी मालूम नसते." त्यांनी चष्मा काढून बंडीला पुसला. स्वयंपाकघराकडे पाहिलं. "आनं कुकर लावते. नुसत्या पान्याचा. शिट्टी साऱ्या गल्लीले ऐकू जाते."

माझ्या डोळ्यांत पाणी येऊ लागलं होतं. मावशी मात्र विचारात पडली होती.

"मंग नऊ कायले, आबाजी? तीन बस झाल्या असत्या."

आबाजी जरा ओशाळले. "रंगात आलो," ते म्हणाले.

आम्ही तिघंही इतके हसलो की बाहेर जीपजवळ उभे असलेले सर धावत आले. मावशीने आमचा डबा सोडला. आबाजींनी पोट भरलंय असं म्हटलं नाही, मटणाचं नावही काढलं नाही. सरळ हात धुऊन बसले. जेवताना हळूहळू सगळं कळलं. बायको गेल्यावर स्वयंपाक जमला नाही, गुडघ्यामुळे उभं राहवत नाही. वावर ठोक्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला, दिलेलं, त्यातून फार काही येत नाही. मुलगा पुण्याला कंपनीत. "त्याले सांगितलं त थो मले तिकडं नेते," आबाजी म्हणाले. "पुन्यात मले कोन ओळखते? इथं निदान शिट्टी ऐकाले लोक तरी हायेत."

निघताना मावशीने त्यांना आमच्या गटात यायला सांगितलं. त्यांनी दोन अटी घातल्या. एक म्हणजे फॉर्ममध्ये कुकरचा प्रश्न आला पाहिजे. आणि कागदावर त्यांना 'लाभार्थी' म्हणायचं नाही. "मी कायचा लाभ घेतला अजून?" ते म्हणाले. सरांनी त्यांच्या नावापुढे 'जाणकार' असं लिहिलं.

नंतर काही महिन्यांनी यवतमाळला मोठी बैठक झाली. अधिकारी, संस्थांची माणसं, अभ्यासक, समोर पांढऱ्या कापडाचं लांब टेबल. मॅडमनी आम्हाला आधी समजावलं, "तुमची कहाणी मनापासून सांगा. रडू आलं तर येऊ द्या, अडवू नका."

"नाही आलं त?" मावशीने विचारलं. मॅडम कार्यक्रमपत्रिका चाळू लागल्या.

मी माझ्या हिवाळ्याबद्दल बोलले. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढला. मग सूत्रसंचालक म्हणाले, "धन्यवाद. आपण आता मागे बसावं. यापुढचं सत्र तज्ज्ञांचं आहे."

आम्ही मागे जाऊन बसलो. पुढे उपाययोजनांची चर्चा सुरू झाली. मला एकदम शाळेसारखं वाटलं. कविता म्हणून झाली की जागेवर जाऊन बसायचं. तेवढ्यात आबाजी उठले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात प्लास्टिकची खुर्ची. ती फरशीवरून खरडत खरडत त्यांनी सगळा हॉल पार केला आणि टेबलाशी, दोन तज्ज्ञांच्या मधे नेऊन ठेवली.

"आबाजी," सूत्रसंचालक हळूच म्हणाले, "इथे तज्ज्ञ बसतात."

"हो ना," आबाजी बसत म्हणाले. "मनून त आलो."

मावशीने माझ्याकडे पाहिलं, आपली खुर्ची उचलली आणि निघाली. मला वाटलं, पंख्याकडे पाहावं. पण माझे पाय आधीच उठले होते. टेबलाशी पोचले तेव्हा एका तज्ज्ञ बाईंनी काही न बोलता आपली खुर्ची सरकवून मला जागा दिली.

एक साहेब सांगत होते की दुकानात धान्य आलं की प्रत्येक कार्डधारकाच्या मोबाईलवर मेसेज जातो.

"जाते ना साहेब," आबाजी म्हणाले. "माहा मेसेज पुन्याले जाते. नंबर पोराचा हाय. थो कामावर असते. दोन दिवसानं फोन करते, 'बाबा, गहू आला.' तवर दुकान बंद. एकदा म्या त्याले मनलं, तिकडं मेसेज आला ना, त तिकूनच घेऊन ये गहू."

साहेबही हसले. मग पेन काढून विचारलं, "बरं, मग तुम्हीच सांगा, कसं कळवायचं?"

"भोंगा," मावशी म्हणाली. "ग्रामपंचायतीचा हाय, देवळाचा हाय, मशिदीचा हाय. निवडनुकीत वाजते, त गव्हाले काहून नाही वाजत? आदल्या दिवशी सांजच्याला सांगा. आमाले मजुरी पाडून तीन-तीन चकरा माराव्या लागतात, त्या त वाचतीन."

मी माझ्या कार्डातून गळालेल्या नावांचं बोलले. यावेळी कहाणी सांगितली नाही. नाव कापण्याआधी माणसाला विचारायचं, एवढंच म्हटलं, आणि तेही टाळ्यांशिवाय लिहून घेतलं गेलं.

सगळं झालं असं नाही. काही गावांत भोंग्यावरून धान्याची वर्दी सुरू झाली. एका ठिकाणी भोंगा बिघडला तो अजून तसाच आहे. आमची नावं कार्डावर परत आली, पण मला खेटे घालायचे ते घालावेच लागले. फॉर्म मात्र आमचाच ठरला, कुकरच्या प्रश्नासकट. त्यासाठी सरांना त्यांच्या ऑफिसात बरंच भांडावं लागलं म्हणतात. आबाजींनी कार्डाला स्वतःचा नंबर जोडून घेतला. आता मेसेज आला की ते आम्हाला फोन लावतात आणि तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवतात, शुद्धलेखनाच्या चुकांसह.

छापून आलेला फॉर्म मी घरी आणला त्या दिवशी नवरा जेवून पाय पसरून बसला होता. त्याचा हात आता बरा आहे, गॅरेज चालू आहे. घरात आम्ही हिंदी बोलतो, इथे मराठीत लिहिते. मी म्हटलं, तुमच्यावर सराव करते, आणि प्रश्न वाचू लागले. एका प्रश्नाशी तो म्हणाला, "थांब. हा परत वाच."

मी परत वाचला. "घरातला पुरुष बाहेरून खाऊन आलो असं किती वेळा म्हणाला?"

हात मोडला होता तेव्हा तो दिवसभर एका दोस्ताच्या गॅरेजवर जाऊन बसायचा. एका हाताने दुसऱ्यांना सल्ले द्यायचा. घरी आला की सांगायचा, मला नको, दोस्ताने समोसे खिलवले.

"हा कुणी काढला?" त्याने विचारलं.

"मी."

त्याने फॉर्म माझ्या हातातून घेतला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात," मी म्हटलं. "तुम्ही चटणीचं इतकं वर्णन करायचात. खरं खाऊन आलेला माणूस चटणीबद्दल बोलत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही जेवायला बसला असता. आणि वाढायला काय होतं?"

मुलींची वह्या-पुस्तकं बाजूला करून त्याने मला जवळ बसायला जागा केली. मग म्हणाला, की हिरवी चटणी त्याने खरंच चांगली रंगवली होती, पुदिना वगैरे घालून, हे तरी मी मान्य करावं. मी मान्य केलं. पुढचा प्रश्न त्यानेच मोठ्याने वाचला आणि पेनसाठी माझ्यापुढे हात केला.